केसांचा पर्म : आधी एका बटेवर पाहा, मग डोक्यावर करा



गणपतीला आणि शिमग्याला लालबाग, परळ, दादर, गिरगावातून आपली माणसे गावी येतात. पिशवीत पोरांसाठी खाऊ असतो, म्हाताऱ्यांसाठी औषधे असतात आणि अंगावर मुंबईची एखादी नवी तऱ्हा असते. पूर्वी ती पँटच्या घेरात दिसायची, आता केसांत दिसते. मे महिन्यात गेलेल्या पोरीचे केस काठीसारखे सरळ होते. भाद्रपदात ती एसटीतून उतरली, तर खांद्यावर लाटा! मुलगेही मागे नाहीत. कानावर बारीक कापलेले केस आणि माथ्यावर कुरळ्यांचा झुपका घेऊन ते आरतीला उभे राहतात. पार्लरवाले या कामाला 'पर्मिंग' किंवा नुसते 'पर्म' म्हणतात.

मग घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "चांगले केस जाळून आलीस गं!" आई विचारते, "किती घातलेस यात?" धाकटी बहीण मात्र काही न बोलता आरशापुढे उभी राहते. लग्नाचा बस्ता बांधायला दादरला, हिंदमाताला जायचे ठरले, की ती हळूच विषय काढते, "त्याच फेरीत माझेपण करून आणूया का?"

तुम्ही म्हणाल, खता-बियाण्यावर लिहिणाऱ्या माणसाने केसांवर का लिहावे? कारण एवढेच, की हा विषय मुळात औषधाचा आहे. औषध कोणते, मात्रा किती, वेळ किती, आधी चाचणी घेतली का, हातात मोजे आहेत का, हे प्रश्न आपण फवारणीच्या वेळी विचारतो. तेच प्रश्न पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधी विचारावे लागतात. ते न विचारल्यामुळे पैसे जातात, केस तुटतात, आणि हे सारे ऐन लग्नाच्या तोंडावर होते.

केस म्हणजे काय?

डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस जिवंत नसतो. जिवंत भाग असतो तो आत, मुळाशी. बाहेरचा केस म्हणजे कापून उडवीत रचलेल्या पेंढ्यासारखा. त्याला तेल चोळा, खत घाला, तो आतून वाढत नाही. वाढ मुळातून होते, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर.

केस ज्या द्रव्याचा बनतो त्याला केराटिन म्हणतात. बैलाचे शिंग, गाईचे खूर, मेंढीची लोकर आणि कोंबडीचे पीस यांतही केराटिनच असते. यात नत्र भरपूर असते आणि गंधकही असतो. केस जळाला की जो उग्र वास येतो तो या गंधकामुळे. हा गंधक केसाच्या आतल्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालून बांधतो. टाके जसे पडले असतील तसा केसाचा आकार टिकतो. मुळाची नळी सरळ असेल तर केस सरळ येतो, नळी वाकडी असेल तर केस वळण घेऊन येतो.

पर्ममध्ये हे गंधकाचे टाके उसवायचे, केस नळीवर गुंडाळून नव्या वळणात बसवायचा आणि पुन्हा टाके घालायचे, एवढेच काम असते. उसवणे कमी झाले तर केस जसाच्या तसा राहतो. जास्त झाले तर तो भिजलेल्या सुतळीसारखा लिबलिबीत होतो आणि तुटतो.

पेंढ्याला युरिया, केसांना लोशन

तुमच्यापैकी अनेकांनी भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया केली असेल. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतो, हवाबंद झाकतो आणि २१ दिवस ठेवतो. युरियातून निघालेला अमोनिया पेंढ्यातले घट्ट बांध सैल करतो, म्हणून जनावराला तो पचतो. पर्मच्या नेहमीच्या लोशनमध्येही अमोनिया असतो. त्याने केसावरचे खवले उघडतात आणि थायोग्लायकोलेट नावाचे औषध आत शिरून टाके उसवते. पार्लरमध्ये जो नाकात जाणारा वास येतो तो या दोघांचा.

फरक वेळेचा आहे. पेंढ्याला २१ दिवस लागतात, केसाला साधारण दहा ते वीस मिनिटे पुरतात. पेंढा एक दिवस जास्त झाकून राहिला तर काही बिघडत नाही. केसावर लोशन दहा मिनिटे जास्त राहिले तर मात्र नुकसान भरून निघत नाही. म्हणून कामाला बसलेली बाई फोनवर बोलत बसली आणि घड्याळ विसरली, तर तुम्ही स्वतः आठवण करा. संकोच करू नका.

ही कला आली कुठून?

कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन कारागिराने १९०५-०६ च्या सुमारास लंडनमध्ये हे काम लोकांपुढे करून दाखवले. त्याने सुरुवातीला गाईचे मूत्र आणि पाणी वापरले, असे सांगतात. सुमारे ९०० ग्रॅम वजनाच्या डझनभर पितळी नळ्या तापवून केसांत अडकवायच्या. त्यांचा भार डोक्यावर येऊ नये म्हणून त्या वर टांगायच्या आणि बाईने पाच-सहा तास हलायचे नाही, असा तो प्रकार होता. पहिले प्रयोग त्याने बायकोवरच केले. त्यात तिचे केस जळाले आणि डोके पोळले, अशी नोंद आहे. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेत मार्जोरी जॉयनर या कृष्णवर्णीय बाईंनी एकाच वेळी सगळ्या डोक्याला पर्म करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९३८ मध्ये अर्नोल्ड विलाट याने उष्णता न देता नुसत्या औषधाने केस वळवण्याची रीत काढली. तिला 'कोल्ड पर्म' म्हणतात.

आज 'मॉडर्न पर्म' म्हणून जो सांगतात तो बहुधा 'डिजिटल पर्म' असतो. हा जपानमध्ये निघाला आणि कोरियात गाजला. यात आधी औषध लावून धुतात, मग वायर जोडलेल्या नळ्यांवर केस गुंडाळून मोजून उष्णता देतात आणि शेवटी टाके घालणारे औषध लावतात. दोहोंतला फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कोल्ड पर्मचे वळण ओल्या केसांत जास्त उठून दिसते आणि वाळल्यावर थोडे सैल पडते. डिजिटल पर्मचे वळण केस वाळल्यावर खुलते, लाटा मोठ्या आणि सैल येतात. केस फार आखूड असतील तर डिजिटलच्या गरम नळ्या डोक्याला चटका देतील, म्हणून मुलांच्या आखूड केसांना बहुधा कोल्ड पर्मच करतात.

खुर्चीत बसल्यावर काय होते?

आधी केस धुतात. रोज खोबरेल लावणाऱ्या आपल्या मुलींच्या केसांवर तेलाचा थर असतो. तो निघाल्याशिवाय औषध आत जात नाही. मात्र डोके खसाखसा घासू नये, कारण ओरखडलेल्या कातडीवर लोशन झोंबते.

मग केसांचे भाग पाडून एकेक बट नळीवर गुंडाळतात. नळी बारीक असेल तर वळण लहान आणि घट्ट येते, नळी जाड असेल तर मोठ्या लाटा येतात. कपाळाच्या आणि मानेच्या कडेने व्हॅसलीन लावून कापसाची पट्टी ठेवतात, म्हणजे औषध डोळ्यांत आणि मानेवर ओघळत नाही. लोशन लावल्यावर दर थोड्या वेळाने एक नळी सोडून वळण बसले का ते पाहतात. बसले की नळ्या तशाच ठेवून भरपूर पाण्याने धुतात, टिपतात आणि दुसरे औषध लावतात. त्याला न्यूट्रलायझर म्हणतात. त्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असते. उसवलेले टाके पुन्हा घालण्याचे काम हेच करते. घाईत हे काम अर्धवट झाले तर वळण आठवड्यात उतरते आणि केसही कमकुवत राहतो. सगळे मिळून दोन ते चार तास जातात. तेव्हा दादरला सकाळी बस्ता, दुपारी पर्म आणि संध्याकाळची गाडी असा बेत आखू नका.

आपल्याकडे पुष्कळांचे केस जाड आणि सरळ असतात. वरचे खवले घट्ट बसलेले असल्यामुळे औषधाला वेळ जास्त लागतो. कमरेपर्यंत लांब केस असतील तर त्यांच्याच वजनाने वळण ओढले जाते. हे आधी कळले तर पुढे निराशा होत नाही.

विळ्याच्या पात्याची परीक्षा

सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारण्याआधी आपण त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, असे समजतो आणि फवारणी थांबवतो. केसांची अशीच परीक्षा आहे. एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. निरोगी केस सुमारे तीस टक्के लांबतो आणि सोडल्यावर मागे येतो. तो लगेच तुटला, किंवा लांबून तसाच लोंबत राहिला, तर त्या डोक्यावर पर्म करू नये.

दुसरी परीक्षा बटेची. मानेजवळची, झाकून राहणारी एक बट घ्यावी आणि तिच्यावर पूर्ण काम करून पाहावे. तिसरी परीक्षा कातडीची. कानामागे थोडे औषध लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा फोड आला तर विषय तिथेच संपवावा. चांगला कारागीर या परीक्षांना नाही म्हणत नाही. "एवढे काय बघायचे, रोज चार करतो आपण," असे उत्तर मिळाले तर उठून बाहेर या. दादरमध्ये दुसरे पार्लर शोधायला लांब जावे लागत नाही.

काळ्या मेंदीचा धोका

गावाकडच्या केसांत सर्वांत जास्त आढळणारी अडचण म्हणजे काळी मेंदी. पुडीवर मेंदीचे पान छापलेले असते, पण आत बहुधा रासायनिक रंग असतो. काही रंगांत धातूचे क्षार असतात. अशा केसांवर पेरॉक्साइड पडले, तर तिथे उष्णता निर्माण होऊन केस तुटू शकतात. साध्या पाल्याच्या मेंदीनेही केसावर थर बसतो आणि वळण कुठे येते, कुठे येत नाही. म्हणून डोक्याला गेल्या वर्षभरात काय काय लावले ते लपवू नका. आठवत असेल तर पुडीच घेऊन जा. रंग आणि पर्म एकाच दिवशी करू नका, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. ब्लीच केलेल्या केसांना तर पर्म नकोच.

कुणी थांबावे?

डोक्यात जखम, खरूज, फोड किंवा उवांमुळे ओरखडे असतील तर ते बरे होईपर्यंत थांबावे. टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बाळंतपणानंतरही साधारण तिसऱ्या महिन्यापासून गळतात. हे बहुतेक वेळा आपोआप थांबते. तोवर औषधी मारा नको. गरोदरपणात, निदान पहिले तीन महिने तरी, टाळावे असा सल्ला साधारणपणे दिला जातो.

आपल्या जिल्ह्यातून परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचाराला जाणारे रुग्णही वाचक आहेत. केमोथेरपीनंतर नवे केस येतात ते कधी कधी आपणहून कुरळे येतात. ते कोवळे असतात. त्यांवर निदान सहा महिने रंग, पर्म काही करू नये आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच करावे.

नावावर जाऊ नका

पार्लरच्या दरपत्रकात पर्मच्या शेजारी 'केराटिन', 'बोटॉक्स', 'स्मूदनिंग' अशी नावे असतात. ही कामे उलट दिशेची, केस सरळ आणि चकचकीत करण्याची असतात आणि त्यांची औषधे वेगळी असतात. काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये ट्युनिशियातल्या २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत आली. केस सरळ करायला ती तीनदा सलूनमध्ये गेली आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या क्रीममध्ये हे आम्ल दहा टक्के होते. म्हणून कामाचे नाव ऐकून भागत नाही. बाटली मागून घ्या आणि वाचा.

कीटकनाशकाचा डबा घेताना आपण जे पाहतो तेच इथे पाहायचे. उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि घटकांची यादी असल्याशिवाय सौंदर्यप्रसाधन विकता येत नाही. युरोपात पर्मच्या औषधात थायोग्लायकोलिक आम्लाची मर्यादा घरगुती वापरासाठी आठ टक्के आणि जाणकार कारागिरासाठी अकरा टक्के आहे. कारागिरासाठीचे औषध घरी आणून बहिणीने बहिणीला लावणे म्हणूनच धोक्याचे. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले, सुटे ओतून दिलेले औषध तर घेऊच नका. तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

पैसे देण्याआधी विचारा

१) औषध कोणते? बाटली माझ्यासमोर उघडणार का?
२) बटेवर आधी करून दाखवणार का?
३) दर केसांच्या लांबीवर आहे का? धुणे, कापणे, नंतरचे क्रीम त्यात धरले आहे का? सगळे मिळून आकडा सांगा.
४) हे काम स्वतः कोण करणार? शिकाऊ मुलगी की जाणती?
५) वळण धरले नाही तर काय कराल?

लग्नाच्या आठवड्यात पर्म करू नका. किमान महिनाभर आधी करा, म्हणजे काही बिघडले तर सावरायला वेळ मिळतो.

औषध कातडीवर झोंबू लागले तर सोसत बसू नका. लगेच धुवायला सांगा. डोळ्यांत गेले तर पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. मुंबईत असाल तर परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही पालिकेची मोठी रुग्णालये आहेत, तिथे त्वचारोग विभाग आहे.

आधी छोटा प्लॉट

नवे वाण आले की आपण सगळे शेत त्याखाली घालत नाही. एका गुंठ्यावर लावून पाहतो. केसांसाठीही फुकटचा छोटा प्लॉट आहे. रात्री केस जरासे ओले करून चार-पाच घट्ट वेण्या घाला आणि सकाळी वाळल्यावर सोडा. लाटा येतील. पाण्याने सैल होऊन वाळताना बसणारे बांध वेगळे असतात. ते पुन्हा भिजले की सुटतात. म्हणजे एका आंघोळीत सगळे पूर्ववत! आठ दिवस असे राहून पाहा. चेहऱ्याला शोभते का? विंचरायला जमते का? घामाने काय होते? पुष्कळ जणींची हौस यातच फिटते. तरीही मन घेत असेल तर खुशाल पर्म करा.

घरी आल्यावर

दोन दिवस केस धुवू नका, घट्ट बांधू नका. नंतर रुंद दातांचा कंगवा वापरा आणि गुंता टोकाकडून सोडवत वर या. वळण साधारण तीन ते सहा महिने टिकते. पण नवा केस मुळातून सरळच येतो. सहा महिन्यांनी वरचे सहा सेंटीमीटर सरळ आणि खाली कुरळे, असे दिसणार. पुन्हा करायचे तर नव्या वाढीवरच करावे. जुन्या भागावर दुसऱ्यांदा औषध पडले की तो तुटतो. आवडले नाही तर पर्म धुऊन जात नाही. कापणे किंवा वाढू देणे हे दोनच मार्ग.

काम करणाऱ्या हातांसाठी

आपल्या गावांतली अनेक मुले-मुली मुंबईच्या सलूनमध्ये कामाला आहेत. दिवसभर ओले हात आणि औषध यांमुळे त्यांच्या बोटांना भेगा पडतात, खाज सुटते. 'आम्ल पर्म'च्या औषधातला एक घटक तर साध्या रबरी मोज्यातूनही आत जातो. नायट्राईलचे मोजे घाला, फाटले की बदला, खिडकी उघडी ठेवा. मालक मोजे देत नसेल तर मागून घ्या. फवारणी करणाऱ्याला जो नियम, तोच इथे.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनीही यात लक्ष घालावे. बचत गटातल्या मुली गावात पार्लर काढू पाहतात, ही चांगली गोष्ट आहे. पण चार व्हिडिओ पाहून रासायनिक कामे करू नयेत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ब्युटी पार्लरचे प्रशिक्षण विनामूल्य मिळते. गावातल्या इच्छुक मुलींची नावे तिकडे पाठवा.

केस कुणाचे?

राहिला आजीचा राग. बाईच्या केसांवर घराने आणि गावाने हक्क सांगणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये नाभिक बांधवांना एकत्र केले आणि विधवांचे केशवपन करायचे नाही, असा त्यांचा निर्धार घडवला. वस्तरा धरणाऱ्या हातांनीच नाही म्हटले! ज्या शहरात हे घडले त्याच शहरात आज आपली मुलगी स्वतःच्या केसांबद्दल स्वतः ठरवते आहे. तिला ठरवू द्या. केस पुन्हा येतात, पण त्यावरून घरात झालेला अबोला लवकर सुटत नाही.

मात्र हौस करताना माहिती घेऊन करावी. बाटली वाचा, घड्याळ पाहा, आणि डोक्यावर औषध ओतण्याआधी एका बटेवर करून पाहा.